बोट थांबतं ती जागा

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघते. काटेवाडीत परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्या पळवतात, सणसरला मुक्काम पडतो आणि पुढे बेलवाडीला वाटेवरचे पहिले गोल रिंगण होते. देहूपासून चालत आलेला माणूस इथे काही वेळ चालत नाही. तो कडेला बसतो, मान उंचावतो, पुढच्याच्या खांद्यावरून बघतो. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी आणि टाळकरी धावतात आणि शेवटी दोन अश्व सुटतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नसते, कारण ती जागा देवाची मानलेली. अश्व पुढे गेले की माणसे वाकून टापांखालची माती उचलतात आणि कपाळाला लावतात. मग फुगड्या रंगतात आणि पुन्हा वाट सुरू होते.

या वाटेवर, बारामतीपासून नीरेकाठच्या सराटीपर्यंत, एखादी व्हिज्युअल नॉव्हेल रचायची ठरली तर तिच्यात कटसीन कुठे घालावेत आणि मुळात का घालावेत, हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे वाचायचा खेळ. मागे एक चित्र, पुढे पात्राची आकृती, खालच्या चौकटीत संवाद. बोट टेकवले की पुढचे वाक्य येते आणि मधूनमधून दोन-तीन पर्यायांतला एक निवडायचा असतो. कटसीन आला की बोटाचे काम संपते. चित्र आपोआप चालू लागते आणि आपण सिनेमाच्या प्रेक्षकासारखे बघत राहतो. याविषयी दोन ठाम मते आहेत आणि दोन्हींत वजन आहे. म्हणून मी इथे दोन माणसे उभी केली आहेत. इंदापूरचे एक काका, जे संहिता लिहितात; आणि त्यांची बारामतीत वाढलेली, ॲनिमेशन शिकलेली पुतणी. दोघे मांडणीपुरते आहेत, पण त्यांच्या तोंडचे मुद्दे या कामात पडणाऱ्या कुणालाही टाळता येणार नाहीत.

पुतणी : काका, तुमची संहिता मी वाचली. भाषा सुरेख आहे, पण बेलवाडीचं रिंगण तुम्ही एका चित्रावर आणि सात वाक्यांवर भागवलंय. घोडा उभा काढला की तो घोडा राहतो, अश्व होत नाही. वेग हाच त्याचा अर्थ आहे. आणि खेळात मध्येच सिनेमा आणणं ही काही आजची चैन नाही. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये टप्प्याटप्प्यांच्या मध्ये छोटी नाटुकली होती. १९८७ च्या मॅनियॅक मॅन्शन या खेळापासून त्याच्या रचनाकारांपैकी एक, रॉन गिल्बर्टनं या प्रकाराला कटसीन हे नाव रूढ केलं. लोकांना दृश्य हवं होतं म्हणूनच ते टिकलं. आपल्याकडचंच बघा ना. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसपर्यंत पोहोचला. तुकोबांची गाथा तर घराघरांत आधीपासून होती. मग लोक रांगा लावून काय बघायला गेले? हलणारे, बोलणारे तुकोबा. आज ज्यांच्यासाठी आपण हा खेळ करतोय ती पोरं दिवसभर हलती चित्रं बघतात. त्यांच्यापुढे तुम्ही स्थिर चित्र आणि खाली चार ओळी ठेवल्या, तर ती अंगठ्यानं आपल्याला वर सरकवून टाकतील. बारामती-इंदापूरची वाट पहिल्यांदाच अशा खेळात येणार असेल, तर ती अर्ध्या ताकदीनं का यावी?

काका : अगं, ताकद हलण्यात असते हेच आधी तपासायला हवं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी काय करतात? सुट्या कागदांवर काढलेली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यांची पोथी. एकेक पान फळीला टेकवून उभं करायचं, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं त्या चित्राचा प्रसंग गाऊन सांगायचा आणि मग पुढचं पान. चित्र तसूभरही हलत नाही, पण समोरचा माणूस रामायण बघून उठतो. ही कला टिकवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, म्हणजे हा काही मी उकरून काढलेला दाखला नाही. व्हिज्युअल नॉव्हेल ज्या जपानात वाढली, तिथंही तीच गत. १९९४ च्या ‘कामाइताची नो योरु’मध्ये पात्रांना चेहरेच नाहीत. निळ्या सावल्या, मागे फोटो, वर मजकूर आणि आवाज. तेवढ्यावर लोक रात्री घाबरले. कारण उरलेलं चित्र वाचणाऱ्यानं स्वतः पुरं केलं, आणि स्वतः पुरं केलेल्या चित्राची भीती जास्त वाटते. आता आपल्या बारामतीकडे ये. मोरोपंतांनी आयुष्याचा मोठा भाग इथं काढला, १७९४ साली इथंच देह ठेवला. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण झालं की बुवा थांबतात, भजन होतं, बुक्का लागतो, मग उत्तररंगाचं आख्यान. ऐकणाऱ्याला मध्ये श्वास दिलेला असतो. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये हा श्वास वाचणाऱ्याच्या बोटात आहे. एखाद्या वाक्यावर त्याला दहा सेकंद थांबावंसं वाटलं तर तो थांबतो. मागचं वाक्य पुन्हा बघावंसं वाटलं तर मागे जातो. रेनपायसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही मागे जायची सोय मुळातच असते. तुझ्या व्हिडिओत तो ना थांबू शकत, ना पान उलटू शकत. आणि हिशेबही करून बघ. सेकंदाला बारा चित्रं धरली तरी चाळीस सेकंदांच्या रिंगणाला चारशे ऐंशी चित्रं. एवढ्या श्रमात मी तुझ्याकडून सगळ्या वाटेची स्थळचित्रं काढून घेईन. बारामतीपासून सराटीपर्यंत सगळी.

काकांचा शेवटचा मुद्दा सगळ्यात लवकर पडतो, आणि तो पडलेला बरा. श्रम वाचतात म्हणून स्थिर चित्र चांगले, हे समर्थन नव्हे. तो नाइलाजाला चढवलेला मुलामा आहे. पुतणी नेमके तिथेच बोट ठेवते.

पुतणी : चारशे ऐंशी चित्रांचा बागुलबुवा आता दाखवू नका, काका. चार ओळींचं वर्णन लिहून दिलं की यंत्र हलतं दृश्य करून देतं. दर्जा आज कमी-जास्त असेल, पण खर्चाची भिंत खचली हे खरं. मग तुमच्याकडे काय उरतं? परंपरा. तर परंपरेचंही सांगते. कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका आठवा. १८९२ च्या सुमारास, म्हणजे सिनेमा भारतात यायच्या आधी, काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडायचे आणि काचा झपझप बदलून पात्रं हलल्याचा भास निर्माण करायचे. हातात स्थिर चित्र असूनही त्या माणसांना ते स्थिर ठेवायचं नव्हतं! तुमची स्थिर चित्रांची परंपरा आतून हालचालीसाठीच आसुसलेली होती. सिनेमा आल्यावर खरोलिका मागे पडली, कारण लोकांना जे हवं होतं ते जास्त सहज मिळालं. चित्रकथीही पान नुसतं मांडून ठेवत नाही. त्याचा हात फिरतो, आवाज चढतो, साथ जलद होते. हालचाल तिथंही आहे, फक्त कागदावर नाही.

काका : हे मान्य करतो. चित्रकथीचा दाखला मी अर्धाच दिला होता. पण यंत्राच्या भरवशावर रिंगण सोडू नकोस. त्याला घोडे माहीत आहेत, रिंगण माहीत नाही. दोन घोडे सांगितले तर ते दोन्ही पाठींवर स्वार बसवील, कारण त्यानं पाहिलेले बहुतेक धावते घोडे स्वाराचेच. रिकामी पाठ हा या दृश्याचा प्राण आहे, हे त्याला कोण सांगणार? ते सांगायला तूच लागशील, आणि प्रत्येक चौकट तपासायलाही तूच. खर्च कमी होईल, जबाबदारी नाही. शिवाय हालचाल जितकी कमी तितकी ती ठसते, याचे दाखले हवेत तर देतो. क्रिस मार्करचा १९६२ चा ‘ला जेते’ नावाचा फ्रेंच लघुपट आहे. जवळपास अर्ध्या तासाचा, सगळा स्थिर छायाचित्रांचा. त्यात एकाच ठिकाणी, काही क्षणांपुरती, झोपेतून जागी होणारी बाई डोळे उघडते. बास. तेवढी एक हालचाल. सिनेमा शिकणारी माणसं साठ वर्षं त्या पापण्यांवर बोलत आली आहेत. दुसरा दाखला तुमच्या खेळांतला. २००१ साली गेम बॉय ॲडव्हान्सवर आलेला वकिलाचा खेळ, जगात ‘फिनिक्स राइट’ म्हणून गाजला तो. पडदा अवघा २४० बाय १६० ठिपक्यांचा. वकील मेजावर हात आपटतो, बोट रोखतो. मोजक्या चौकटींची ती हालचाल. ती बघायला व्हिडिओ लागत नाही, वाचणाऱ्यानं बोट टेकवलं की वकिलाचा हात मेजावर आदळतो. वाचणाऱ्याला वाटतं, आपणच आपटला.

या वकिलाच्या हातापाशी मला थांबावेसे वाटते, कारण दोघांच्या भांडणाची गाठ इथे सुटते. पुतणी कटसीन म्हणते तेव्हा तिच्या मनात हलणारे चित्र असते. काका कटसीन म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात थांबवलेले बोट असते. सिनेमातून आलेल्या कटसीनमध्ये या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आल्या, म्हणून आपण त्यांना एकच समजत गेलो. पण त्या दोन आहेत आणि दोन स्वतंत्र निर्णय आहेत. फिनिक्स राइटमध्ये चित्र हलते आणि बोट मोकळे राहते. नव्हे, बोटामुळेच चित्र हलते. उलट, एखादे स्थिर चित्र दहा सेकंद पडद्यावर धरून ठेवले आणि तेवढा वेळ बोट टेकवूनही पुढचे वाक्य येऊ दिले नाही, तर चित्र न हलता कटसीन होतो. ‘ला जेते’ थिएटरात बसून पाहणाऱ्याचा अनुभव हाच आहे. माझे म्हणणे असे की, व्हिज्युअल नॉव्हेल रचणाऱ्याने चित्र हलवायचे का, हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न वाचणाऱ्याचे बोट थांबवायचे का, हा आहे. आणि त्याचे उत्तर ॲनिमेशनच्या कौशल्यात शोधून सापडत नाही, ते कथेतल्या माणसाच्या अवस्थेत शोधावे लागते. कथेतला माणूस जिथे चालतो, बोलतो, निवडतो, तिथे वाचणाऱ्याच्या बोटाला काम असावे. तो जिथे उभा राहून नुसते बघतो, तिथे बोट थांबवण्याचा हक्क रचणाऱ्याला मिळतो. वारीत हा भेद आधीच झालेला आहे. वाट म्हणजे बोट, रिंगण म्हणजे कटसीन. म्हणून बेलवाडीच्या रिंगणाबाबत पुतणीचे बरोबर आहे, पण तिने दिलेल्या कारणासाठी नव्हे. घोडा वेगवान आहे म्हणून तिथे कटसीन हवा असे नाही. चालणारा तिथे बसतो, म्हणून हवा.

हाच नियम लावला तर काही ठिकाणी कटसीन काढून टाकावे लागतात, आणि तिथे मन घट्ट करावे लागते. सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरा स्नान होते. नदी, गर्दी, उडणारे पाणी. कोणत्याही ॲनिमेटरचा हात शिवशिवेल असे दृश्य. पण तिथे आलेला माणूस बघ्या नसतो, तो स्वतः पाण्यात उतरतो. वाचणाऱ्याच्या बोटाने ओंजळ भरली पाहिजे. काटेवाडीच्या पायघड्यांचेही तेच. धोतर पुढे अंथरायचे, पालखी त्यावरून गेली की मागचे उचलून पुन्हा पुढे न्यायचे, ही हाताची लय आहे आणि बोट टेकवण्याच्या लयीशी ती इतकी जुळते की तिथे व्हिडिओ लावणे म्हणजे हातातले काम काढून घेणे.

एवढ्यावर काका जिंकले असे वाटेल. पण नियम एकदा मान्य झाला की तो ज्याच्या बाजूने झुकतो त्याच्यावरही उलटतो. पुतणीने तो पळसदेवला उलटवला.

पुतणी : मग पळसदेवचं काय करताय, काका? तुमच्या संहितेत आजोबा नातवाला बुडालेलं गाव सांगतात. १९८० साली पूर्ण झालेलं उजनी धरण, भीमेचं मागे पसरत आलेलं पाणी, त्यात गेलेलं जुनं गाव आणि पळसनाथाचं देऊळ. तुम्ही लिहिलंय, प्रत्येक वाक्याला पाणी एक बोट चढतं. म्हणजे वाचणारा बोट टेकवतो आणि पाणी वाढतं. कुणाच्या बोटानं वाढलं हो ते पाणी? गावकऱ्यांच्या? तिथं माणसाला कुणी विचारलं नव्हतं, पुढचं वाक्य हवंय का म्हणून. तुम्हालाही मान्य झालेला नियम आहे ना, कथेतला माणूस करतो तिथं बोट चालावं आणि त्याच्या हातात काही उरत नाही तिथं थांबावं? मग इथं थांबवा. तुम्ही आवडीनं ज्याला वाचणाऱ्याचं स्वातंत्र्य म्हणता, ते या एका प्रसंगात खोटं आहे.

काका : (बराच वेळ गप्प राहून) बरोबर आहे तुझं. मी पानं उलटायच्या सुखात होतो. गाव बुडताना वाचणाऱ्याच्या हातात पानं देणं म्हणजे त्याला धरणाच्या दारापाशी नेऊन उभं करणं. पण मग व्हिडिओ लावू नकोस. काळ्या पट्ट्या वर-खाली आल्या की वाचणाऱ्याला कळतं, आता सिनेमा आहे, आता आपण सुटलो. तो आरामात मागे टेकून बसेल. मला तो सुटायला नकोय.

पुतणी : नाही सुटणार. पट्ट्या नाही, व्हिडिओही नाही. चार थर करू. मागे आभाळ, त्यापुढे देऊळ आणि घरं, त्यापुढे आपली संवादाची चौकट. आणि सगळ्यांत पुढे पाणी, अर्धपारदर्शक, गढूळ. तुमचं शेवटचं वाक्य चौकटीत आहे. वाचणारा बोट टेकवतो, काही होत नाही. पुन्हा टेकवतो, तरी नाही. पाणी आपल्या गतीनं चढत राहतं. पायऱ्या जातात, ओटे जातात, मग ते आपल्या चौकटीवरून चढतं. अक्षरं पाण्याखाली दिसतात, मग दिसत नाहीत. शेवटी शिखर. संगीत काही नको. बोट टेकवल्याचा जो बारीक टक आवाज खेळभर येतो, तोही इथं येऊ द्यायचा नाही.

संवादाची चौकट पाण्याखाली नेण्याची ही कल्पना मला या साऱ्या वादातली सर्वांत मोलाची वाटते, कारण ती सिनेमाला जमणार नाही. सिनेमाला अशी चौकट नसते, आणि सिनेमा पाहणाऱ्याच्या बोटाने तोवर दोन तास पुढचे वाक्य आणलेले नसते. जे बोट आतापर्यंत चालत आले तेच इथे चालत नाही, म्हणून ते थांबणे दुखते. कटसीन सिनेमासारखा दिसला की भारी, हा जो सर्वसाधारण समज आहे, त्याला माझे उत्तर हे आहे. व्हिज्युअल नॉव्हेलच्या कटसीनची ताकद त्याच्या आधीच्या शेकडो टेकवण्यांतून येते. तो वेगळा कापून कुणाला दाखवला तर साधा वाटेल, आणि वाटू द्यावा. जाहिरातीसाठी काढलेला तुकडा आणि कथेसाठी रचलेला कटसीन यांत गल्लत झाली की खेळ चकचकीत होतो आणि आतून पोकळ राहतो.

पाणी उतरण्याचा प्रसंग मात्र वेगळा आहे. उन्हाळ्यात उजनीची पातळी फार खाली गेली की पळसनाथाचे शिखर वर येते, मग हळूहळू देऊळ, आणि लोक ते बघायला जातात. पाणी उतरणे बघायला जाणाऱ्याच्या हातात नसते, पण जायचे की नाही हे तो ठरवतो. म्हणून तिथे बोट मोकळे. एका टेकवण्याला होडीचे एक वल्हे, थरांतले पाणी जरा हलते, देऊळ थोडे जवळ येते. चित्र हलते, बोटही चालते. आजोबांनी कुठे थांबायचे, गाभाऱ्यापर्यंत जायचे की लांबूनच हात जोडायचे, हा पर्याय वाचणाऱ्याला द्यावा.

एक आक्षेप या साऱ्या वादापेक्षा गंभीर आहे आणि तो पुतणीच्या बाजूचा आहे. या वाटेवर चालणाऱ्या कितीतरी जणांना छापील ओळ सहज वाचता येत नाही. ज्यांची ही वाट, त्यांनाच हा खेळ बंद, असे झाले तर कसे? कटसीन बघायला अक्षर लागत नाही, मग तेच जास्त लोकांचे माध्यम नव्हे का? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर व्हिडिओ नाही, आवाज आहे. चित्रकथ्याच्या समोर बसलेल्यांपैकी कितीतरी निरक्षर असत. त्यांच्यासाठी चित्र हलवावे लागले नाही, कुणीतरी ते गाऊन सांगितले. प्रत्येक वाक्य माणसाच्या आवाजात असावे, इंदापूरच्या बाजूच्या बोलीच्या चढ-उतारासह, आणि बोट टेकवले की पुढचे ऐकू यावे. ऐकणाऱ्यालाही थांबण्याचा तेवढाच हक्क राहतो. जाता जाता, लिहिलेल्या ओळीबद्दलही एक सांगायला हवे. मजकूर टंकलेखन यंत्रासारखा एकेक अक्षराने उमटवण्याची या खेळांत रीत आहे. रोमन लिपीला ती चालते. देवनागरीत मात्र संगणकाच्या हिशेबाने एकेक चिन्ह उमटवले तर ‘स्थिर’मधला ‘स्’ आधी हलन्त दिसतो, मग जोडाक्षर होते, मग वेलांटी मागून येऊन पुढे बसते. ओळ लिहिली जाताना थरथरते. मराठीत शब्दाशब्दाने मजकूर उमटवावा. ही बाब कटसीनपेक्षा लहान दिसते, पण वाचणारा कटसीन चार वेळा बघतो आणि ओळी चार हजार वेळा.

पुन्हा खेळणाऱ्याचाही विचार हवा. वेगळा पर्याय निवडून तीच वाट दुसऱ्यांदा चालणाऱ्याला तेच रिंगण पुन्हा सक्तीने बघायला लावावे का? खेळ करणारे एकमुखाने सांगतील की कटसीन ओलांडायची सोय हवीच. मीही सोय ठेवीन, पण पळसदेवला नाही. तिथे ती ठेवली तर थांबवलेल्या बोटाला चोरवाट मिळते. कुणी रागावेल, कुणी खेळ सोडेल. तो धोका पत्करण्यासारखा आहे. रिंगण मात्र दुसऱ्यांदा ओलांडू द्यावे. दरवर्षी वारी करणाराही कधी कधी रिंगणाकडे पाठ करून झाडाखाली पाय चेपत बसतो, आणि त्याची वारी त्याने उणी होत नाही.

पुतणी : मग बेलवाडीला मला किती सेकंद देताय?

काका : किती हवेत?

पुतणी : पस्तीस. आधी पडदा तसाच, तुमचं चित्र, पुढे बसलेल्यांच्या पाठी. फक्त आवाज बदलेल. टाळ थांबतील, टापा लांबून येतील. कॅमेरा उभा नको, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. म्हणजे घोडा पुरता दिसणारच नाही. पाय दिसतील, धूळ दिसेल, माणसांच्या फटीतून क्षणभर ती रिकामी पाठ. पहिल्या फेरीला स्वाराचा घोडा, मग तो एकटा. हालचाल फक्त त्या फटीत, बाकी सगळं चित्र स्थिर. तुमच्या त्या पापण्यांसारखं.

काका : रिकामी पाठ दोनदा नको दाखवूस.

पुतणी : एकदाच. आणि मग तुमची वाक्यं परत येणार नाहीत.

काका : का?

पुतणी : कारण पडद्यावर नुसती माती असेल. टापेचा एक खोल ठसा, त्याच्या कडा अजून ढासळतायत. चौकट नाही, बाण नाही, ‘पुढे’ असं काही लिहिलेलं नाही. पस्तीस सेकंद थांबलेल्या माणसाला कळायला हवं, आता आपली पाळी आहे. त्यानं बोट टेकवलं की त्या जागी माती थोडी दबेल.

काका : आणि टेकवलंच नाही तर?

पुतणी : तर माती तशीच राहील, काका. मागून फुगड्यांचा आवाज सुरू होईल. आपण थांबू.